निकोडेमस: माळावरची शाळा आणि दफनभूमी

आई सातारा जिल्ह्यात तीस वर्षं झेडपीच्या शाळेत बाई होती. अमेरिकेत आल्यावर तिचं एकच मागणं, एखादी जुनी खेड्यातली शाळा दाखव. म्हणून ऑक्टोबरात डेन्व्हरहून गाडी काढली ती थेट कॅन्ससमधल्या निकोडेमसला. हिल सिटीच्या पुढे रस्त्यालगत बुटकी, तांबड्या कणसांची शेतं लागली. "अगं, ही तर ज्वारी!" आई काचेला चिकटून म्हणाली.

हे गाव 1877 साली वसवलं ते केंटकीहून आलेल्या, गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांनी. सुपीक जमिनीच्या जाहिराती वाचून, ऐकून तीनशेच्या वर माणसं आली. इथे घराला लाकूडसुद्धा नाही. मग जमिनीत खड्डे खोदून त्यातच संसार मांडले. काही कुटुंबं लगेच परत फिरली. 1878 मध्ये आलेल्या विलियाना हिकमन यांनी गाव कुठंय म्हणून विचारलं, तेव्हा नवऱ्याने जमिनीतून वर येणारा धूर दाखवला. त्यांना रडू कोसळलं. पहिल्या हिवाळ्यात ओसेज या तिथल्या मूळ जमातीच्या लोकांनी शिकारीतला वाटा दिला, त्यावर गाव तगलं.

अशा दिवसांत जेनी फ्लेचर यांनी मुलांना शिकवायला घेतलं. पोटाची भ्रांत असताना शाळा! मला हे फार मोठं वाटतं. आज उभी आहे ती 1918 ची इमारत. आईने पायरीला हात लावून नमस्कार केला आणि विचारलं, "पहिल्या दिवशी पटावर किती असतील गं?"

रेल्वे 1888 मध्ये गावाला वळसा घालून गेली. दुकानं उठली, माणसं पांगली. आता जेमतेम वीसेक जण राहतात.

दफनभूमीत आम्ही बराच वेळ होतो. वारा आणि वाळलेलं गवत, बाकी काही नाही. जुन्या दगडांवरची जन्मसालं 1865 च्या, गुलामगिरी संपली त्या सालाच्या, आधीची, म्हणजे जन्म मालकाच्या घरातला आणि माती मात्र स्वतःच्या गावची. तिथे मला जोतीराव आठवले. हे गाव वसण्याआधी चारच वर्षं, 1873 मध्ये, त्यांनी आपलं पुस्तक अमेरिकेतली गुलामगिरी मोडणाऱ्या भल्या माणसांना अर्पण केलं होतं. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "माहितीये मला, वर्गात शिकवलंय मी."

दर जुलैअखेर इथल्या घराण्यांची पोरंबाळं देशभरातून उत्सवाला परततात.

"मग आपण जुलैतच यायला हवं होतं," आई गाडीत बसता बसता म्हणाली. तिच्या साडीच्या काठाला गवताची कुसळं चिकटली होती.