लेकरं आत राहिली

रेल्वेच्या भिंतीतलं ते भगदाड लोकांनी पाडलेलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. वाढीव लाइनचं काम चालू असताना खडी आणि रुळांखालचे स्लीपर आत घ्यायला ठेकेदाराच्या माणसांनी प्रीकास्ट, म्हणजे तयार काँक्रीटच्या पाट्यांच्या, भिंतीचे दोन गाळे, दोन खांबांमधले भाग, काढून ठेवले होते. काम संपलं, बिलं निघाली, ठेकेदार गेला, गाळे तसेच राहिले. महिन्याभरात तिथून पायवाट पडली. पुढे भिंतीलगत वडापावची गाडी लागली, तिच्या शेजारी मोबाइल रिचार्जची टपरी आली. टपरी आली म्हणजे वाट कायम झाली असं समजायचं.

मी रेल्वेत सीनियर सेक्शन इंजिनीअर, वर्क्सकडे. भिंती, जिने, प्लॅटफॉर्म, क्वार्टर्सची गळकी छपरं हे सगळं आमच्या गळ्यात. जागा मुंबईच्या उपनगरी मार्गावरची, ठाण्याच्या पलीकडची. स्टेशनचं नाव लिहीत नाही, कारण माझी तिथून बदली झाली असली तरी फाइल अजून फिरते आहे.

पश्चिमेला वस्ती. पूर्वेला महापालिकेची शाळा, सार्वजनिक संडास आणि रिक्षा स्टँड. मध्ये चार लाइन. स्टेशनचा पूल तिथून पाऊण किलोमीटरवर, म्हणजे पुलावरून शाळेत जायचं तर जाऊन पुन्हा तेवढंच मागे यायचं, दीड किलोमीटर. रुळांवरून गेलं तर समोरच. माणूस कुठून जाईल हे कळायला सर्व्हे लागत नाही, तरी आमच्याकडे सर्व्हे झाला.

चार लाइन खडीवरून ओलांडायला धडधाकट माणसाला वीसेक सेकंद लागतात. कडेवर मूल असेल तर जास्त. फास्ट लाइनवरची गाडी ताशी शंभरनं येत असली तर सेकंदाला २७-२८ मीटर कापते, वीस सेकंदांत साडेपाचशे मीटर. आणि तिथं वळण असल्यामुळे डाउन फास्टची, म्हणजे मुंबईकडून येणारी जलद, गाडी चारशे मीटरच्या आत आल्याशिवाय दिसतच नाही. हा हिशेब मी वस्तीतल्या दोन-तीन पोरांना कागदावर मांडून दाखवला होता. एकानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, पण गाडी हळू येताना दिसते ना."

तो खोटं बोलत नव्हता. आकारानं मोठी वस्तू अंगावर येत असली की ती आहे त्याहून सावकाश येतेय असं डोळ्याला वाटतं. वडाळ्याला २०१० च्या सुमारास यावरच एक प्रयोग झाला होता. ओळीनं काही स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे गाडीखाली ते भराभर गडप होताना पाहून वेगाचा अंदाज यावा. मोटरमननं एका लांब भोंग्याऐवजी दोन तुटक भोंगे द्यायचे. आणि गाडीखाली येणाऱ्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याचे फोटो लावले. मला हा प्रयोग आवडतो, कारण त्यात माणूस मूर्ख आहे असं धरलेलं नाही.

आमच्या जागी तेही पुरलं नसतं. तिथं माणसं जायची ती दुसऱ्या गाडीखाली. समोरची स्लो लोकल जाईपर्यंत माणूस शहाण्यासारखा थांबतो. शेवटचा डबा सरकला की लगेच पाऊल टाकतो, आणि त्या डब्याच्या आडून उलट्या दिशेची गाडी आलेली असते. पहिल्या गाडीच्या आवाजात दुसरीचा भोंगा ऐकू येत नाही. गेल्यावर घरच्यांच्या हाती काही पडत नाही, कारण रेल्वेची नुकसानभरपाई प्रवाशाला मिळते, रुळात शिरलेल्याला नाही. जिवंत सापडला तर रेल्वे कायद्याचं कलम १४७ आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आरपीएफ, म्हणजे रेल्वेचं सुरक्षा दल, अधूनमधून धरपकड करायचं. त्या दिवशी लोक दहा पावलं पलीकडून जायचे.

२०१२ साली रेल्वेच्या सुरक्षेवरच्या अनिल काकोडकर समितीनं अहवालात लिहिलं की देशात वर्षाला १५,००० च्या आसपास माणसं रुळांत शिरून मरतात, त्यांतली ६,००० च्या आसपास एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गावर. समितीनं त्याला अपघात न म्हणता सरळ हत्याकांड म्हटलं. त्यानंतर भिंती, कुंपणं, सरकते जिने यांच्याकडे जरा लक्ष गेलं. एमयूटीपी-३ या मुंबईच्या रेल्वे-विस्तार योजनेत तर ट्रेसपास, म्हणजे रुळांत शिरणं, रोखण्याचं वेगळं कामच घातलेलं आहे. आमचं भगदाड त्या मानानं किरकोळ. एका मार्चमध्ये वरून आलं: मार्चअखेरच्या आत बंद करा.

अडचण एकच होती. पश्चिमेची भिंत आमच्या टेंडरात, पूर्वेचं कुंपण दुसऱ्याच कामात, आणि ते काम सुरूही झालेलं नव्हतं. दोन्ही बाजू एकाच दिवशी बंद कराव्यात, नाहीतर पूर्वेकडून आत आलेला माणूस मध्येच अडकेल, असं मी फाइलवर लिहिलं होतं. त्यावर शेरा आला, 'पाहिले. काम लक्ष्याप्रमाणे पूर्ण करावे.' असा शेरा आला की सरकारी माणूस कामाला लागतो. मी जादा लुकआउट, म्हणजे गाडी आली की शिट्टी देणारा माणूस, मागून घेतला, एवढंच माझ्या हातात होतं.

कामाच्या दिवशी गर्दी ओसरल्यावर दहाच्या सुमारास सुरुवात केली. मुकादम, गवंडी, सहा बिगारी, आरपीएफचे दोन जवान. लुकआउटला एक जुना ट्रॅकमन, निवृत्तीला टेकलेला, गळ्यात शिट्टी, बगलेत लाल-हिरवी झेंडी. प्रीकास्टचं काम सोपं असतं. खांबाला दोन्ही बाजूंनी खाचा, त्यांत वरून एकेक पाटी सोडायची. एका गाळ्याला सहा पाट्या, दोघांनी उचलायची एक. सांध्यात माल भरायचा, वर टोपण बसवायचं.

बायका येऊन बघून गेल्या. भांडण झालं नाही, आणि ते मला बरं वाटलं नाही. रोज भांडणाऱ्या माणसांनी गप्प बसावं म्हणजे भिंत रात्रीपुरतीच आहे असं त्यांनी ठरवलेलं असतं. एक मावशी तेवढी म्हणाली, "बांधा बाबा, तुमालाबी पगार पायजे." बाराच्या सुमारास शेवटचं टोपण बसलं. मी आधीचा आणि नंतरचा फोटो ग्रुपवर टाकला, वरून दोन अंगठे आले. जवान चहाला गेले. आम्ही रुळांच्या बाजूला हत्यारं गोळा करत होतो.

साडेबाराला लुकआउटची शिट्टी वाजली. गाडी आली की तो आखूड वाजवायचा. ही थांबेचना.

शाळेची पहिली ते चौथी सकाळची भरायची. सुटल्यावर पोरं रोजच्यासारखी घोळक्यानं निघाली होती. मोठ्या मुलींनी बारक्यांचे हात धरलेले, सगळ्यांनी दोन्हीकडे बघितलेलं, चारही लाइन शिस्तीत ओलांडलेल्या. वीस-पंचवीस जणं होती. आणि शेवटची लाइन, डाउन स्लो, ओलांडून ती भिंतीपाशी आली तर सकाळी जिथून बाहेर पडली होती तिथं भिंत.

रूळ आणि भिंत यांच्यामध्ये जी पट्टी असते तिला आम्ही सेस म्हणतो. तिथं ती दोन मीटरही नव्हती, त्यात अर्ध्यात सिग्नलच्या केबलचा डक्ट. डक्टची झाकणं जागोजाग तुटलेली. आम्ही अशा जागी उभं राहायला शिकलेले असतो: पाठ भिंतीला, सामान पायांत, गाडी जाईपर्यंत हलायचं नाही. पोरांना मी ओरडून तेच सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. तेवढ्यात डाउन स्लोची लोकल गेली. बारा डबे एवढे लांब असतात हे मला नोकरीत त्या दिवशी कळलं. वाऱ्यानं मुलींच्या वेण्यांच्या रिबिनी भिंतीला चिकटल्या होत्या. ओल्या मालाचे पांढरे डाग सगळ्यांच्या दप्तरांवर उमटले.

गाडी गेली आणि भिंतीपलीकडून आया बोलायला लागल्या. त्यांना काहीच दिसत नव्हतं. एक ओरडत होती, "हलू नको गं, तिथंच ऱ्हा!" दुसरी ओरडत होती, "माघारी फिर, पुलावरून ये!" पोरांनी दोन्ही ऐकलं. आईचं ऐकायचं हे त्यांना पक्कं ठाऊक, आणि इथं तर दोन आया दोन सांगत होत्या. एक मुलगा फिरला. फिरला तो सरळ पळतच सुटला. ट्रॅकमननं त्याचं दप्तर मागून धरलं. पट्टा तुटला, पण तोवर त्याचा शर्ट याच्या मुठीत होता. अप स्लोवरून लोकल गेली आणि तिच्या मागोमाग डाउन फास्टवरून एक मेल.

लोकांना वाटतं फोन केला की स्टेशन मास्तर सिग्नल लाल करेल. दोन स्टेशनांमधले बरेचसे सिग्नल ऑटोमॅटिक असतात. गाडीच्या जाण्यायेण्यावर ते आपोआप बदलतात, मास्तरच्या हातात ते नसतात. मी मास्तरला फोन केलाच, पण चालतं ते झेंडीनं. मुकादम लाल झेंडी घेऊन डाउन स्लोच्या कडेनं मुंबईच्या दिशेला धावला. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस, त्याला असा धावताना मी कधी पाहिला नव्हता. पुढची लोकल पोरांपर्यंत पोचायच्या बरीच आधी उभी राहिली. मोटरमननं खिडकीतून जे विचारलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पोरं दिसल्यावर तो गप्प झाला आणि त्यानं कंट्रोलला कळवलं.

"काढा पाट्या," मी म्हणालो. गवंडी माझ्याकडे बघतच राहिला. फोटो ग्रुपवर जाऊन अर्धा तास झाला होता. मी पुन्हा सांगितलं. माल अजून ओला होता. बिगाऱ्यांनी पहार घालून टोपण उचकटलं, वरची पाटी हलवली, आणि पलीकडून आठ-दहा हात आले. रिचार्जच्या टपरीवाला होता, वडापाववाला होता, सकाळची मावशी होती. आम्ही आतून उचलायचं, त्यांनी बाहेरून धरायचं. तीन पाट्या निघाल्या, तीन ठेवल्या, आणि त्या तीनवरून एकेक पोर पलीकडे दिलं. बारकी आधी. एका मुलीनं खाली पडलेली पाण्याची बाटली दिल्याशिवाय भिंत चढायला नकार दिला. बाटली दोन स्लीपरच्या मधल्या खडीत पडली होती. मी ती आणून दिली. लाइन बंद होती म्हणूनच.

पोरं गेल्यावर पाहिलं तर बाहेरच्या लोकांनी काढलेल्या पाट्या भिरकावल्या नव्हत्या. खाली विटा देऊन एकीवर एक नीट रचून ठेवल्या होत्या, उद्या लागतील म्हणून.

लोकल अकरा मिनिटं अडकली, तिच्या मागच्याही रखडल्या. खुलासा मागवला गेला. मी आधीचा शेरा जोडून खुलासा दिला आणि विषय थंड झाला. मग पत्रापत्री. भुयारी मार्ग करून द्या, असं महापालिकेनं आम्हाला लिहिलं. महापालिकेनं पैसे भरले तर डिपॉझिट वर्क म्हणून करू, असं आम्ही महापालिकेला लिहिलं. त्या दोन पत्रांच्या मध्ये अजून काही घडलेलं नाही.

तिथून शंभरेक मीटरवर चारही लाइनच्या खालून जाणारी एक जुनी दगडी कमानीची मोरी होती. निम्मी गाळानं भरलेली. पावसाळापूर्व सफाईत दर वर्षी आम्ही तिचा वरवरचा गाळ काढायचो. त्या वर्षी मी पार मूळ तळापर्यंत काढला आणि तळाला काँक्रीट टाकलं. एस्टिमेटमध्ये कारण लिहिलं, 'पाण्याचा प्रवाह सुरळीत होण्याकरिता'. मुलं ताठ जातात, मोठी माणसं वाकून. मे महिन्याच्या सुट्टीत पूर्वेचं कुंपण झालं आणि त्याच दिवशी पश्चिमेचे गाळे पुन्हा बंद केले. पाऊस पडेपर्यंत कुणी भिंतीला हात लावला नाही. जुलैत मोरीत कमरेएवढं पाणी आलं, तेव्हा पश्चिमेच्या दोन पाट्या निघाल्या आणि समोरच्या कुंपणाची जाळीही वाकली. शाळेच्या वेळेला तिथं होमगार्ड उभा करून घेतला. ऑक्टोबरात आमच्या गवंड्यानं पाट्या परत बसवल्या. काढलेल्या पाट्या ठेवलेल्या होत्याच, नव्या आणाव्या लागल्या नाहीत.

माझी बदली व्हायच्या आधी एक वरिष्ठ इन्स्पेक्शनला आले. मोरीत वाकून बघितलं. कमानीला खिळा ठोकून कुणीतरी वायर ओढली होती आणि मधोमध एक बल्ब लटकत होता.

"हा बल्ब कुणाचा?" त्यांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत मुकादम म्हणाला, "पाणी किती चढलंय ते रात्रीचं बघायला लागतं, साहेब."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या पुलाकडे चालू लागले.