सुगरण अपडेट: तारेवरचे ९ खोपे आणि अडून बसलेलं मॉडेल

मंडळी, सुगरणीची मादी खोपा कशावरून पसंत करते हे शोधणारं माझं मॉडेल दोन आठवडे डोकं खात होतं, ते काल रात्री एक वाजता सुटलं. म्हणजे अर्धं सुटलं.

निफाडकडच्या तिन्ही विहिरींवरचे मिळून ४६ खोपे झाले, सगळे हेल्मेट स्टेजपासून (अर्धवट विणलेला, हेल्मेटसारखा दिसणारा खोपा, खाली आडवा पट्टा) पाहिलेले. मादीला पसंत पडला तर १, नाही तर ०. नराने अंड्यांची खोली बंद करून खाली नळी विणायला घेतली की मगच १, हा नियम कायम आहे. मादी नुसती आत जाऊन आली तर धरत नाही, कारण ती येते, आडव्या पट्ट्यावर बसते, चोचीने दोन-चार धागे ओढून बघते आणि सरळ शेजारच्या खोप्याकडे जाते, नर खाली लटकून पंख फडफडवत राहतो. हे कितीही वेळा पाहिलं तरी मन भरत नाही.

तर अडचण अशी. बाभळीवरच्या ३७ पैकी १९ पसंत झाले, विजेच्या तारेवरच्या ९ पैकी एकही नाही. डोळ्यांना दिसणारी सगळ्यात ठळक गोष्ट हीच, आणि आरमध्ये (आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) साधं जीएलएम, म्हणजे ०-१ निकालाचं मॉडेल, चालवलं तर तारेचा कोइफिशंट (परिणामाचा आकडा) −१८ च्या आसपास, स्टँडर्ड एरर (त्यातली अनिश्चितता) २००० च्या वर, पी व्हॅल्यू ०.९९, म्हणजे तारेचा परिणाम दिसतच नाही! वॉर्निंगसुद्धा नाही. मी आधी डेटा एंट्री तपासली, मग वहीशी एकेक ओळ ताडून पाहिली, मग खोप्याच्या उंचीचा कॉलम काढून पाहिला (तो स्वस्तातला लेझर मीटर घेऊ नका, उन्हात ठिपकाच दिसत नाही). शेवटी लक्षात आलं, हे सेपरेशन आहे. एका गटात सगळे ० असले की लाइकलिहूडला (मॉडेल डेटाशी किती जुळतं त्याचं माप) वरचं टोकच सापडत नाही, कोइफिशंट उणे अनंताकडे पळत सुटतो, सॉफ्टवेअर कंटाळून मधेच थांबतं आणि तो आकडा आपल्याला देतं.

यावर उपाय फर्थची पद्धत, १९९३ ची, कोइफिशंटला असा पळू न देणारी. आरचं लॉजिस्टएफ पॅकेज टाकलं, एका ओळीत काम झालं. एकट्या तारेच्या मॉडेलमध्ये ती प्रत्येक खान्यात (तार-बाभूळ, पसंत-नापसंत असे चार) अर्धा मिळवल्यासारखीच चालते, म्हणून कागदावर करून पाहिलं: ०.५/९.५ भागिले १९.५/१८.५, त्याचा लॉग −३. स्क्रीनवरही −३! तेव्हा जो आनंद झाला तो इथेच कळेल कुणाला तरी. इंटरव्हल (खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो ती रेंज) मात्र प्रोफाइल लाइकलिहूडचाच घ्या, स्टँडर्ड एररवरून काढलेला वॉल्डचा इथे भरवशाचा नाही.

आणि हे लिहिता लिहिताच दुसरी गोष्ट खटकली. पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी अलिबागजवळच्या किहीमला पाहिलं तेच आपल्याकडेही दिसतं, एक मादी बसली की नर पुढचा खोपा बांधायला घेतो, आणि नाही बसली तरी शेजारी आणखी बांधत राहतो. मग तारेवरचे ९ खोपे म्हणजे ९ नर नव्हेतच, दोन किंवा तीनच असतील. तार वाईट की ते नरच नवखे, हे माझ्या डेटावरून सांगताच येत नाही.

त्यामुळे उंचीचं काम बाजूला. नर ओळखायला पायात रिंग घालावी तर परवानगीशिवाय घालता येत नाही, म्हणून रविवारी पहाटे तिसऱ्या विहिरीवर, जिथे तार आणि बाभूळ दोन्ही आहेत, खांबापासून फोटो काढून खोप्यांना नंबर देणार आणि कुठला नर कुठल्या खोप्यांवर विणतोय ते लिहीत बसणार. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण असलेलं कुणी नाशिकहून येत असेल तर सांगा, साडेपाचला निघतोय.