संकटकाळी देवाचा आधार

देव संकटात आपले रक्षण करतो, असे आपण अगदी सहज म्हणतो. पण ते म्हणताना नेमकी कशाची अपेक्षा असते, याचा विचार मी गांभीर्याने केला तो २०२० साली. विठ्ठल मंदिर मार्चपासूनच भाविकांसाठी बंद होते. पायी वारी झाली नाही, माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका ३० जूनला एसटीने पंढरपूरला नेण्यात आल्या आणि १ जुलैची आषाढी एकादशी वारकऱ्यांच्या गर्दीविना पार पडली. माझी आई अनेक वर्षे आळंदीहून माउलींबरोबर चालत गेलेली आहे. भक्तांचा रक्षणकर्ता म्हणवणाऱ्या देवाचेच दार साथीच्या भीतीने कसे बंद झाले, असे तिला कुणी विचारले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "अरे, पांडुरंगाला भेटायला म्हणून निघायचे आणि वाटेतल्या गावांना आजार वाटत जायचे, ती वारी कसली?" श्रद्धा आणि सावधगिरी या दोन्हींमध्ये तिला कधीच विरोध दिसला नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात माझे वडील आणि धाकटे मामा एकापाठोपाठ रुग्णालयात दाखल झाले. आई रोज संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावून हरिपाठाला बसत असे. डॉक्टरांचा फोन साधारण त्याच वेळी येई, म्हणून ती फोन टाळांशेजारीच ठेवत असे. तो वाजला की ती म्हणत असलेल्या चरणावर थांबे, दोघांची ऑक्सिजनची पातळी विचारून पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवी आणि थांबली होती त्याच चरणापासून पुढे म्हणू लागे. आकडा चांगला असो वा वाईट, आवाजाची पट्टी तीच राही.

वडील घरी परतले, मामा परतले नाहीत.

माझा प्रश्न इथूनच सुरू झाला. वडिलांना देवाने वाचवले असे म्हणायचे, तर मामांच्या बाबतीत काय म्हणायचे? या प्रश्नाला पळवाट नाही, आणि ती शोधूही नये, असे मला वाटते. मला थोडाफार आधार मिळाला तो तुकोबांच्या चरित्रात. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, दिवाळे निघाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. हे त्यांनी स्वतःच अभंगांतून सांगून ठेवले आहे. रूढ अर्थाने पाहिले, तर देवाने त्यांचे काहीच राखले नाही. तरीही ते विठ्ठलापासून दूर गेले नाहीत, उलट अधिक जवळ गेले. त्यानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण दुष्काळात सर्वस्व गेलेल्या माणसाने येणे वसूल करून पुन्हा उभे राहण्याचा प्रयत्न केला असता, तर त्याला कुणीही नावे ठेवली नसती. पण ज्याचा भार देवावर आहे, त्याला आपल्याइतक्याच गांजलेल्या ऋणकोच्या दारात उभे राहण्याची गरज उरली नाही. आपल्यावर काहीच ओढवणार नाही, अशी हमी त्या विश्वासाने त्यांना दिली नव्हती. जे ओढवले त्यात त्यांना एकटे सोडले नाही आणि निष्ठुरही होऊ दिले नाही. देवाचे रक्षण मला आता याच अर्थाने कळते, आणि त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

म्हणूनच, "आमची श्रद्धा होती म्हणून आम्ही वाचलो," असे कुणी म्हणाले की मला वाईट वाटते, कारण ज्यांच्या घरातले माणूस गेले, त्यांची श्रद्धा उणी होती असा त्याचा अर्थ होतो. मामा तर आयुष्यभर माळकरी होते. आईने हे वाक्य आजवर एकदाही उच्चारलेले नाही. निर्बंध सैल झाल्यावर ती मामींकडे राहायला गेली, तेव्हा देवाच्या इच्छेविषयी तिने अवाक्षर काढले नाही. रोज सकाळी उठून चूल पेटवली, मामींना दोन घास खायला लावले, मामांच्या विम्याचे कागद लावून दिले आणि संध्याकाळी हरिपाठाला एकटीच बसली. काही दिवसांनी मामी आपणहून तिच्या शेजारी येऊन बसू लागल्या.