दोनशे ग्रॅम तरवड

मे महिन्यात दोन आठवडे जतच्या माळावर तरवड तोडत होतो. म्हणजे प्रोजेक्टसाठी हो, झुडपांचा बायोमास, म्हणजे पाणी वगळून वाळलेलं वजन, काढायला. झाडाचं बरं असतं, छातीच्या उंचीला टेप गुंडाळला की घेर मिळाला. तरवडाला बुडातनंच सात-आठ फांद्या फुटलेल्या, टेप गुंडाळणार कशाला? मग पसारा मोजायचा, जिथं सगळ्यात रुंद तिथं एक माप, त्याला काटकोनात दुसरं, आणि उंची. ५ बाय ५ मीटरचे चौकोन आखून आतली सगळी झुडपं मोजायची पण तोडायची मोजकीच, बारकी, मधली, मोठी अशी सगळ्या मापांची, मग त्यांच्यावरनं समीकरण बसवून बाकीच्यांचं वजन न तोडता काढायचं. (समीकरण आकड्यांचे लॉग, म्हणजे लॉगॅरिदम, घेऊन बसवलं असेल तर परत किलोत येताना करेक्शन लावा, नाहीतर आकडा कमी येतो. मी एकदा विसरलोय.)

एक मेंढरंवाले मामा रोज बघत बसायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पावनं, शेरडं तोंड लावत न्हाईत त्याला, आन् तुमी वजन करताय व्हय?" खरंच होतं त्यांचं, चरून उजाड झालेल्या माळावर शेवटी तरवडच उरतो, आमच्या कागदावर बायोमास दिसतो आणि त्यांच्या मेंढरांना चारा नाही.

तर घोळ असा झाला. अख्खं झुडूप जागेवर काट्याला लावलं, २.६ किलो. त्यातलं २०० ग्रॅम खाकी पिशवीत घातलं, कोल्हापुरात ओव्हनमध्ये वाळवायला. पण बारका काटा लॅबमध्येच राहिलेला, म्हणून २०० हे आपलं अंदाजपंचे, खरं वजन पोचल्यावर करू म्हटलं. जत, कवठेमहांकाळ, मिरज करत एसटीच्या टपाजवळच्या फळीवर पिशव्या दिवसभर भाजल्या. लॅबमध्ये भरलं १७२, म्हणजे पाणी वाटेतच उडालेलं, आणि मी तेच ओलं वजन म्हणून लिहिलं. वाळल्यावर ८८. आता वाळलेलं भागिले ओलं, ८८ भागिले १७२ म्हणजे ०.५१, आणि माळावरचं २०० धरलं तर ०.४४. २.६ किलोला गुणलं की १.३३ आणि १.१४, एका झुडपामागं १९० ग्रॅम नुसतं हवेतनं आलेलं! आणि असली चाळीस झुडपं.

त्यात ओव्हनचा नंबर लागला जुलैत. जतला वर्षाचा पाऊस ५०० मिमीच्या आसपास, इथं कोल्हापुरात जुलैत भिंतीसुद्धा घाम गाळतात. ८० अंशावर वजन स्थिर होईपर्यंत ठेवून बाहेर काढलं, चहा प्यायला गेलो, परत येऊन बघतोय तर ८८ चे ९१! खाकी पिशवीपण पाणी ओढते, त्यामुळं तिचंही वजन आधी वाळवूनच करावं लागतं. तिकडं माळ पाणी काढून घेतोय, इकडं कोल्हापूर परत घालतंय, आणि मधे मी वही घेऊन बसलोय.

दिवाळीनंतर परत जायचंय. बारका काटा आणि पुठ्ठ्याचं खोकं आत्ताच काढून ठेवलंय, कारण त्या माळावर वारं असं सुटतं की आकडा थांबत नाही, खोक्यात ठेवला तर थांबतो.

मुळांचं विचारू नका. कोरड्या भागात झुडपाचं निम्मं घर जमिनीखाली, ते सोडून कसं चालेल म्हणून एकाला हात घातला. मामांनी पहार दिली, सकाळपासनं मुरूम फोडत दुपार झाली, हातभर मूळ दिसलं आणि कटकन तुटलं. वहीत त्या रकान्यात 'अपूर्ण' लिहिलंय.