गाडी तापली की बंद: अण्णांच्या अँबॅसडरचा माझा अनुभव

अण्णांची अँबॅसडर मार्क टू आहे, १९७२ ची. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पन्नाशी ओलांडलेली, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज धरतात, त्यात ती बसते. ही गाडी एप्रिल-मे दोन महिने मला सोलापुरात कधी सात रस्त्याला, कधी होटगी रोडला, एकदा भर दुपारी पार्क चौकात सोडून द्यायची. आणि दोष निघाला बोटाच्या पेराएवढ्या वस्तूत. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सगळं लिहून काढतोय.

सकाळी सेल्फ मारला की लगेच चालू. वीस-पंचवीस मिनिटं काही तक्रार नाही. मग पिकअप जायचा, मिसिंग सुरू व्हायचं आणि दोन-चार आचके देऊन गाडी बंद. अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा सुरू.

सोलापूरच्या उन्हाळ्यात हे कुणालाही सांगा, उत्तर एकच येतं: व्हेपर लॉक. पाइपात पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ओढता येत नाही. असं होतं, यात वाद नाही. मीही पंपावर ओलं फडकं टाकलं, वर पाणी ओतलं, आणि गाडी सुरू झाली. फसलो तो इथेच. फडकं ओलं करून थांबायचो, तेवढ्या वेळात बॉनेटखालचं बाकी सगळंही निवत होतं.

गॅरेजवाल्यांनी तर अंत पाहिला. गाडी तिथे ओढून नेईपर्यंत थंड झालेली असायची. "साहेब, चालू आहे की! काय करू हिला?" मग कार्बोरेटर उघडायचा. एकूण तीन वेळा उघडला. पंपाचं किट बदललं, पेट्रोलचा पाइप बदलला. दर वेळी दोन दिवस गाडी ठेवून घ्यायची, संध्याकाळी गार वाऱ्यात गल्लीतून एक चक्कर मारायची आणि चावी परत द्यायची. दुपारी एक वाजता तासभर चालवून बघा, एवढंच मी म्हणत होतो. एकदाही कुणी बघितलं नाही. बिल मात्र दर वेळी झालं.

शेवटी एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. आयुष्य अँबॅसडरवर काढलेले चाचा, आता घरीच असतात. त्यांनी कार्बोरेटरकडे पाहिलंसुद्धा नाही. "पहले कॉम्प्रेशन देखो," म्हणाले. म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो ते.

गाडी गरम करून चारही प्लग काढले, ठिणगीचा करंट देणाऱ्या कॉइलची वायर सुटी केली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला आणि प्लगच्या भोकात गेज लावून सेल्फ मारला. बॅटरी भरलेली हवी, नाहीतर आकडे खोटे येतात. पहिला सिलिंडर १२५, दुसरा १३०, चौथा १२५ पीएसआय (दाबाचं माप). तिसरा ८५! माझ्या पोटात गोळा आला. चाचांनी तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. आकडा वाढला असता तर पिस्टनच्या रिंगा गेल्या समजायच्या. तो जागचा हलला नाही, म्हणजे व्हॉल्व्ह. (शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले तर हेड गॅस्केटवर संशय घ्यायचा.) रॉकर कव्हर काढलं तर तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा टॅपेट (व्हॉल्व्हवरची फट) इतका कसलेला की फट मोजायच्या फिलर गेजची सगळ्यात बारीक पट्टीही आत जाईना. व्हॉल्व्ह पुरता बसतच नव्हता. टॅपेट १५ थाऊला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लावला आणि आकडा १२० वर आला. व्हॉल्व्ह जळला नव्हता, हे नशीब.

वाटलं, सुटलो. तिसऱ्या दिवशी होटगी रोडला पुन्हा बंद.

मात्र या वेळी तयारी होती. चाचांनी बजावलं होतं, बंद पडली की पाणी मारायचं नाही, थांबायचं नाही, त्याच मिनिटाला करंट बघायचा. डॅशबोर्डच्या खणात जादा प्लग ठेवला होता. कॉइलची मधली वायर, प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधून काढून त्या प्लगला लावली, प्लग इंजिनच्या लोखंडाला टेकवला आणि मुलाला सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी पिवळी, मरतुकडी, एक आली तर दोन चुकल्या. सकाळी हीच ठिणगी निळी, टकटक वाजणारी होती. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून पुन्हा सेल्फ मारला, तर पॉइंटवर, म्हणजे कॉइलचा करंट जोडतोड करणाऱ्या टोकांवर, मोठा निळा जाळ उडत होता. कॉइलचा जोर प्लगला जायच्या ऐवजी पॉइंटवरच जळत होता. हे काम कंडेन्सर, म्हणजे पॉइंटवरचा जाळ रोखणारी छोटी डबी, मेल्याचं.

आणि हा कंडेन्सर मार्चमध्येच नवा टाकलेला! नवा म्हणून कुणी, मीसुद्धा, त्याच्याकडे बघितलं नव्हतं. खात्रीसाठी पंखे वाइंडिंग करणाऱ्या ओळखीच्या दुकानात मीटरला लावला. थंड असताना ०.२१ मायक्रोफॅरड, अगदी बरोबर. हेअर ड्रायरची गरम हवा सोडली आणि पाच मिनिटांत आकडा नाचायला लागला. ते बघताना मला दोन महिन्यांतली एकेक दुपार आठवली.

चाचांनी त्यांच्या डब्यातला जुना कंडेन्सर दिला. तोही आधी ड्रायरखाली तपासून घेतला. पॉइंट घासून गॅप १५ थाऊ केला, प्लगचा २५. मग मुद्दाम भर दुपारी तुळजापूरला गेलो. घाट चढलो, देवीचं दर्शन घेतलं, परत आलो. गाडी एकदाही अडखळली नाही. अण्णा शेजारी बसले होते, येताना सगळा वेळ काच खाली करून इंजिनचा आवाज ऐकत होते.

टॅपेटचं एक सांगायचं राहिलं. आठ व्हॉल्व्हच्या नंबरांत नऊची बेरीज लक्षात ठेवा: चौथा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पाचवा लावायचा, आठवा दाबलेला असेल तेव्हा पहिला. आणि रस्त्यात बंद पडली तर चावी चालू ठेवून बॉनेटखाली वाकू नका. पॉइंट मिटलेले असले तर कॉइल विनाकारण तापते, मग तिच्यातच दोष आहे असं वाटून तीही बदलली जाते. मी बदलली होती. जुनी कॉइल धडधाकट आहे, डिकीत ठेवली आहे.