वादळानंतरची बाग: जुलैअखेरची नोंद

जूनच्या पहिल्या वादळी पावसात काय पडलं आणि काय टिकलं, हे जातीवार लिहून ठेवलं पाहिजे. गुलमोहर, सोनमोहर मुळासकट उन्मळले. रेनट्रीच्या आडव्या फांद्या पिळवटून तुटल्या. कडुनिंब, चिंच, वड यांची नुसती पानं गेली. गुलमोहराची मुळं उथळ हे खरंच, पण आपली तापीकाठची काळी मातीही तितकीच कारणीभूत. मे महिन्यात ती भेगाळते, बारीक मुळं तुटतात. पहिल्या जोरदार पावसाचं पाणी भेगांतून उतरलं की वरचा थर लोण्यासारखा होतो आणि नेमका तेव्हाच वारा सुटतो. पेव्हर ब्लॉक बसवताना ज्यांची एका बाजूची मुळं छाटली होती, ती झाडं तर पडणारच होती.

बुंध्याची जाडी साधारण १५ सेंमीपर्यंत असेल आणि एका बाजूची मुळं जमिनीत शाबूत असतील, तरच झाड पुन्हा उभं करण्यात अर्थ आहे. तोवर उघड्या मुळांवर ओलं गोणपाट हवंच. उन्हात ती काही तासांत सुकतात. फाटलेली मुळं धारदार करवतीने सरळ कापायची. सर्वांत जास्त चुकतं ते पुढे. मुळांच्या उचकटलेल्या गड्ड्याखाली माती घसरलेली असते. ती न उकरता झाड ओढलं तर गड्डा वरच अडकतो, खाली पोकळी राहते आणि पुढच्या पावसात झाड पुन्हा कलतं. आधी खळगा मोकळा करावा, मगच ओढावं. बुंध्याला तीन दिशांनी दोर, दोराखाली सायकलचं जुनं टायर. खुंट्या झाडापासून बाहेर कलत्या, किमान ६० सेंमी खोल. काळ्या मातीत आखूड खुंटी टिकत नाही. दोर किंचित सैल हवा, झाड हललं तरच मुळं जोर धरतात. प्रत्येक मोठ्या पावसानंतर तो तपासायचा. ओली माती ठोकून घट्ट करू नये, तिच्यात हवाच उरत नाही.

तुटलेल्या फांद्यांसाठी तीन काप. बुडापासून हातभर अंतरावर खालून एक तृतीयांश, त्याच्या थोडं पुढे वरून पूर्ण, आणि शेवटी बुडाच्या फुगवट्याला धक्का न लावता त्याच्या बाहेरून. फुगवटाच कापला तर जखम भरत नाही, ठोंब ठेवला तर कुजतो. डांबर फासू नका. साल फाटली असेल तिथे बोर्डो मलम, म्हणजे बुरशी रोखणारा लेप: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) ५ लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना वेगळ्या ५ लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादलीत. गार झाल्यावर एकत्र करायचं. लोखंडी सुरी बुडवून तांबूस थर चढला तर चुना वाढवा. मलम त्याच दिवशी संपवायचं, आणि उघडीप पाहूनच लावायचं.

केळीच्या कोपऱ्याची काळजी नको. मोडलेलं खोड बुडाशी कापलं, अरुंद पानांचं एक जोमदार पील (बुडाशी फुटलेला कोंब) ठेवलं, बाकीची काढली.

सध्या पुन्हा उभ्या केलेल्या गुलमोहराच्या बुंध्यावर फुटवे आले आहेत. ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तोडायचे नाहीत, झाडाला पानं हवीत. कललेल्या दोन सोनमोहरांच्या बुडाशी वाऱ्याकडच्या बाजूला माती पुन्हा उकललेली दिसते. ते काढावेच लागतील, पण आधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी. त्या जागी करंज आणि बहावा लावायचा आहे. रोपं घेताना पिशवी फाडून बघा: मुळं गोल गुंडाळलेली असतील तर ती रोपं परत करा.