बिगारी, असिस्टंट, वांगडी

मालवण, मार्गशीर्ष

शेजारी चिऱ्याचं घर उभं राहतंय. गवंडी परांचीवर, दोघे बिगारी खाली. एक माल कालवतो, दुसरा चिरे उचलून देतो. "बिगारी, माल आण", "बिगारी, चिरो दी" अशा हाका दिवसभर कानावर येतात. आज तो शब्द मला फार खुपला.

बेगार हा शब्द फारसी. जबरदस्तीने, मोबदला न देता करून घेतलेलं काम, असा त्याचा अर्थ. संस्कृतात अशा कामाला विष्टि म्हणत, तिचीच पुढे वेठ झाली. म्हणजे वेठबिगार या शब्दात एकच अन्याय दोन भाषांतून दोनदा सांगितलाय. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद केली, शब्द मात्र बांधकामावर राहिला. ही माणसं रोजावर येतात, मजुरी मोजून घेतात, आणि तरीही त्यांच्या कामाच्या नावात फुकट राबणं तसंच आहे. मला हे सहन होत नाही. जांभ्याचा चिरा किती जड असतो ते उचलणाऱ्यालाच ठाऊक. वरचा थर भराभर चढतो तो खालून चिरा वेळेवर पोचतो म्हणून.

संध्याकाळी दुसरे शब्द आठवत बसलो. मदत आली अरबीतून, फारसीच्या वाटेने. तिच्या मुळाशी ताणणं, लांबवणं असा अर्थ आहे. मदद म्हणजे लढणाऱ्या फौजेला मागून येऊन मिळालेली कुमकही. मदतनीस म्हणताना शेवटी जो 'नीस' लागतो तो चिटणीस-फडणिसांच्या घराण्यातला, फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा. त्यामुळे या शब्दाला थोडा कचेरीचा वास आहे.

असिस्टंट लॅटिनमधला: जवळ उभा राहणारा. अनुचर मागून चालतो. सहाय मात्र सह आणि अय, बरोबर जाणारा. उभं कुठे राहायचं, पुढे की मागे की बरोबरीने, हे त्या त्या भाषेने शब्दातच ठरवून टाकलंय. मला सहाय आवडतो.

हिब्रूतला 'एझर' तर या सगळ्यांपेक्षा मोठा. बायबलच्या उत्पत्तीत आदमासाठी जी साहाय्यक निर्माण होते तिला हा शब्द आहे, आणि स्तोत्रांत देवालाही तोच. म्हणजे साहाय्य करणारा खालचाच असतो, असं तिथे गृहीत नाही. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या मराठी बोलत आलेल्या बेने इस्रायली ज्यू लोकांचे धर्मग्रंथ याच भाषेतले. एलिएझर या नावात तोच शब्द बसलाय: माझा देव हेच साहाय्य.

आणि आमच्या मालवणीत? 'माझ्या वांगडा ये' म्हणजे माझ्याबरोबर ये. बरोबर येणारा तो वांगडी. सहायचाच अर्थ, पण पोथीतून न येता रोजच्या बोलण्यातला. रापणीच्या मासेमारीत हे स्पष्ट दिसतं. होडीतून जाळं अर्धगोलात टाकून येतात आणि किनाऱ्यावर दोन्ही टोकांचे दोर माणसं मिळून ओढतात. दोराला हात लावायला आलेल्यालाही मासळीतला वाटा मिळतो. त्याला बिगारी म्हणायचं कुणाच्या मनातही येत नाही. वाटा ठरलेला असला की माणसाला खालच्या नावाने हाक मारणं अवघड होत असावं, असं मला वाटतं. गवंडीकामात तसा वाटा नाही, तिथे फक्त रोज आहे. म्हणून निदान हाक तरी नावाने मारावी, हे मी उद्या गवंड्याशी बोलणार आहे. तो माणूस चांगला आहे, ऐकेल.

लावणीच्या दिवसांत एकमेकांच्या शेतात राबायला जातात, त्याला सावड म्हणतात. आजीच्या माहेरी याला वेगळा शब्द होता, एवढंच लहानपणी ऐकल्याचं आठवतंय. रविवारी तिच्याकडे जाईन तेव्हा विचारून इथे लिहून ठेवायचा आहे.